डिस्कचा नंबर बदलतो, ओळख बदलत नाही

जुन्या पीसीतली हार्ड डिस्क फॉरमॅट केली, जास्तीची जागा म्हणून नव्या पीसीला जोडली आणि पीसी सुरू केला. लिनक्सऐवजी काळ्या पडद्यावर ‘नो सच डिव्हाइस’ आणि खाली ‘ग्रब रेस्क्यू’. मूळ डिस्क धडधाकट आहे, तिच्यावरची एकही फाइल हललेली नाही. मग बिघडलं काय? फक्त डिस्कचा क्रम.

पीसी सुरू होताना मेमरी रिकामी असते. ऑपरेटिंग सिस्टिम डिस्कवर, आणि डिस्कवरच्या फाइली वाचण्याची सोय त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्याच पोटात. हा तिढा बूट लोडर सोडवतो. लिनक्समध्ये बहुतेक ठिकाणी हे काम ‘ग्रब’ करतो. एरिक बोलिन यांनी तो १९९५ मध्ये लिहायला घेतला.

जुन्या पद्धतीत मदरबोर्डवरचं बायोस डिस्कचा पहिला, ५१२ बाइटचा सेक्टर उचलतं. शेवटच्या दोन बाइटांत ठरलेली खूण सापडली की सूत्रं त्या सेक्टरकडे जातात. चार पार्टिशनांच्या तक्त्याला ६४ बाइट जातात आणि प्रोग्रॅमला जेमतेम ४४६ उरतात. एवढ्यात फाइल सिस्टिम समजणारा प्रोग्रॅम मावणं अशक्य. म्हणून ग्रबचा पहिला तुकडा एकच गोष्ट जाणतो: पुढचा तुकडा कुठल्या सेक्टरपासून आहे. तो दुसरा तुकडा सहसा पहिल्या पार्टिशनच्या आधीच्या मोकळ्या जागेत असतो. तो चढला की फाइली वाचता येतात, मेनू दिसतो, लिनक्सचा कर्नल मेमरीत येतो आणि ग्रब बाजूला होतो.

पार्टिशन फॉरमॅट केलं तरी हे दोन्ही तुकडे पुसले जात नाहीत. सुरुवातीच्या उदाहरणात नव्यानं जोडलेली डिस्क बायोसनं पहिली धरली, तिच्यावरचा जुना ग्रब जागा झाला आणि केव्हाच पुसलेलं पार्टिशन शोधत बसला.

बायोस डिस्कना नंबर देतं, नाव नाही. ग्रब त्यांना एचडी०, एचडी१ म्हणतो. आताचा ग्रब डिस्क शून्यापासून मोजतो, पार्टिशन मात्र एकपासून; भल्याभल्यांची गडबड इथे होते. डिस्कचा हा नंबर बँकेतल्या टोकनसारखा असतो. आज ४ मिळाला म्हणून उद्याही ४ मिळेल असं नाही. म्हणून ग्रब आता यूयूआयडीवर भर देतो. लिनक्सची नेहमीची फाइल सिस्टिम तयार होतानाच तिच्यात १२८ बिटांचा क्रमांक कोरला जातो. ग्रबची ‘सर्च’ आज्ञा एकेक पार्टिशन तपासून तो जुळवते. डिस्क कुठल्याही केबलला लावा, क्रमांक तिच्यासोबतच जातो.

बायोसऐवजी यूईएफआय हे फर्मवेअर असलेल्या आजच्या पीसींत तर प्रत्येक पार्टिशनला स्वतंत्र ओळखक्रमांक असतो. फर्मवेअर फॅट फाइल सिस्टिम स्वतःच वाचतं, त्यामुळे ४४६ बाइटांची कसरत उरत नाही. मात्र कुठल्या पार्टिशनवरची कुठली फाइल चालवायची, ही नोंद मदरबोर्डच्या मेमरीत असते. डिस्क दुसऱ्या पीसीत गेली की नोंद मागेच राहते. मग फर्मवेअर ‘बूटएक्स६४’ या ठरलेल्या नावाची फाइल शोधतं.

या व्यवस्थेलाही एक फट आहे. डिस्कची हुबेहूब नक्कल केली की यूयूआयडीचीही नक्कल होते. दोन्ही डिस्क जोडलेल्या असतील तर ग्रबला आधी सापडेल ती खरी, आणि आपण भलत्याच प्रतीवर काम करत बसतो. नक्कल झाली की एक डिस्क काढून ठेवावी, नाहीतर तिला नवा क्रमांक द्यावा.