खोडदच्या तबकड्या आणि भाकरीचा घास

नारायणगावहून खोडदच्या वाटेला लागले, की द्राक्षमळ्यांच्या पलीकडे तारांच्या जाळीच्या अवाढव्य तबकड्या दिसू लागतात. ४५ मीटर व्यासाच्या अशा ३० तबकड्यांची ही रेडिओ दुर्बीण जुन्नरकरांना आता घरचीच झाली आहे. पण तिचे एक नाते आकाशाशी नाही, माणसाच्या जबड्याशी आहे, हे फारसे कुणाला ठाऊक नसते.

या दुर्बिणीचे शिल्पकार डॉ. गोविंद स्वरूप यांनी १९६१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात रोनाल्ड ब्रेसवेल यांच्या हाताखाली डॉक्टरेट मिळवली. आकाशातील रेडिओ स्रोताची वेगवेगळ्या दिशांनी पट्ट्यापट्ट्यांत मोजमापे घेऊन त्यांतून पूर्ण चित्र कसे जुळवावे, याचे गणित ब्रेसवेल यांनी १९५६ मध्ये मांडले होते. पुढे त्याच जातीचे गणित सीटी स्कॅनच्या यंत्रात आले आणि शरीर न उघडता आतले हाड दिसू लागले.

तोंडाच्या कर्करोगाची गाठ हाडात शिरली, की जबड्याचा तेवढा भाग काढावा लागतो. जीव वाचतो, पण हनुवटी आत जाते, लाळ आवरत नाही, बोलणे कळेनासे होते. भाकरी मोडून खाल्लेल्या माणसाच्या वाट्याला पेज येते. पंगतीला बसायचे तो टाळू लागतो.

हा जबडा पुन्हा घडवण्यासाठी हाड लागते, आणि ते रुग्णाच्याच पायातून मिळते. शरीराचा भार मुख्यतः नडगी पेलते. तिच्या शेजारचे बारीक हाड, गुडघ्याजवळचा आणि घोट्याजवळचा भाग राखून, रक्तवाहिन्यांसकट काढता येते. अमेरिकेत डेव्हिड हिडाल्गो यांनी १९८९ मध्ये जबड्यासाठी ही पद्धत मांडली. त्या रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली मानेतल्या वाहिन्यांशी जोडतात, म्हणून नव्या जागी हाड जिवंत राहते.

अडचण आकाराची. पायाचे हाड सरळ, तर जबडा कमानीसारखा. काठीची कमान करायची तर तिचे तुकडे करून, टोके तिरकी कापून जोडावी लागतात. पूर्वी हे काप डॉक्टर ऐनवेळी नजरेने घेत. काप थोडा चुकला, तरी वरचे दात खालच्या दातांवर नीट बसत नसत.

आता हे काम आधीच संगणकावर होते. जबड्याचे आणि पायाचे स्कॅन पडद्यावर जुळवून डॉक्टर आणि अभियंता प्रत्येक कापाची जागा आणि कोन ठरवतात. त्याबरहुकूम खाचांचे प्लास्टिकचे साचे छापून घेतात. साचा हाडावर बसवायचा आणि करवत खाचेतून चालवायची. टायटॅनियमची पट्टीही आधीच बेतलेली असते. हाड रक्ताविना राहते ती वेळ त्यामुळे कमी होते. पुढे त्याच हाडात कृत्रिम दातही बसवता येतात.

मग संपूर्ण धातूचाच जबडा का नको? नेदरलँड्समध्ये २०११ साली ८३ वर्षांच्या एका बाईंना १०७ ग्रॅम वजनाचा, छापून घडवलेला टायटॅनियमचा खालचा जबडा बसवला गेला. पण कर्करोगानंतर बहुधा किरणोपचार घ्यावे लागतात. त्या जागी धातूपेक्षा रक्त खेळणारे स्वतःचे हाड अधिक भरवशाचे ठरते.

या सगळ्या हिशेबाचा एक शत्रू आहे, तो म्हणजे उशीर. स्कॅननंतर आठवडे गेले आणि गाठ वाढली, तर मोठ्या कष्टाने बेतलेले साचे निरुपयोगी होतात.

आणि खरा उशीर त्याच्याही आधी, घरातच होतो. महाराष्ट्राच्या इतर खेड्यांप्रमाणे जुन्नर-आंबेगावातही तव्यावर तंबाखू भाजून केलेली मिश्री सकाळी दातांना लागते. राज्यात २०१२ पासून गुटख्याला बंदी आहे, पण चुलीवरच्या या तंबाखूला कोण अडवणार? आई ती लावते, सासू लावते, म्हणून ते व्यसन वाटतच नाही. गालात पांढरा किंवा लाल चट्टा उठला, दोन आठवड्यांत तोंडातली जखम भरली नाही, किंवा उघडलेल्या तोंडात तीन बोटे उभी मावेनाशी झाली, तरी ‘उष्णतेने झाले असेल’ म्हणून ते अंगावर काढले जाते.

अशा वेळी मंचर किंवा नारायणगावचा सरकारी दवाखाना गाठावा. गाठ हाडात शिरण्यापूर्वी सापडली, तर बहुतेक वेळा पायाचे हाडही लागत नाही आणि साचेही लागत नाहीत. खोडदच्या तबकड्यांना न दिसणारे दूरचे आकाश पाहायचे असते. आपल्याला फक्त आरशासमोर उभे राहून, उजेडाकडे तोंड करून, आपल्या आणि आपल्या आईच्या गालाच्या आत एकदा पाहायचे आहे.