‘ब्लेंडेड’ लिहिलंय म्हणजे बर्बन हलकी, असं नसतं. हाय-राय व्हिस्की पारखायची कशी?

अमेरिकेतून कुणी येणार असलं की नातेवाईकांच्या ग्रुपवर दोन मागण्या हमखास पडतात. एक आयफोनची आणि दुसरी ड्युटी-फ्रीच्या बाटलीची. बाटली येते, लेबलवर लिहिलेलं असतं ‘अ ब्लेंड ऑफ स्ट्रेट बर्बन व्हिस्कीज’ आणि खाली ‘हाय राय’. मग बैठकीत एक तरी जाणकार काका निघतातच. लेबल वाचून ते निकाल देऊन टाकतात, “ब्लेंडेड आहे रे, म्हणजे मिक्स माल. सिंगल आणायची होतीस.”

गंमत म्हणजे काका अर्धे बरोबर असतात आणि अर्धे चूक.

हा विषय आत्ताच कामाचा आहे, कारण फेब्रुवारी २०२५ मध्ये भारताने बर्बनवरची आयात ड्युटी १५० टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर आणली. तरीही त्यावर राज्याचा कर लागतोच, त्यामुळं बाटली काही स्वस्त नाही. एवढे पैसे मोजायचे तर आत काय आहे हे कळायला हवं.

आधी बर्बन म्हणजे काय ते बघू

बर्बन फक्त केंटकीतच बनते असा अनेकांचा समज आहे. तसं नाही. ती अमेरिकेत कुठंही बनू शकते, पण अमेरिकेबाहेर बनलेल्या व्हिस्कीला तिथं बर्बन म्हणून विकता येत नाही. १९६४ मध्ये अमेरिकन काँग्रेसने तसा ठरावच केला.

नियम सोपे आहेत. धान्यात किमान ५१ टक्के मका पाहिजे. व्हिस्की आतून जाळलेल्या कोऱ्या ओकच्या पिंपात मुरली पाहिजे. आणि बाटलीत भरताना अल्कोहोल ४० टक्क्यांपेक्षा कमी नको. ‘स्ट्रेट’ हा शब्द असेल तर ती किमान २ वर्षं मुरलेली असते आणि तिच्यात वरून रंग किंवा फ्लेवर टाकलेला नसतो.

राय म्हणजे फोडणीची राई नव्हे

राय हे गव्हाच्या जवळचं एक धान्य आहे, थंड प्रदेशात पिकणारं. युरोपात त्याचा काळसर पाव करतात. मक्यातून बर्बनला गोडवा येतो, तर रायमधून मसालेदारपणा. काळी मिरी, लवंग, दालचिनी, कधी बडीशेप किंवा पुदिना, असे वास त्यातून येतात.

साध्या बर्बनमध्ये राय साधारण १० ते १५ टक्के असते. २० टक्क्यांच्या पुढं गेली की कंपन्या ‘हाय राय’ म्हणायला लागतात. पण या शब्दाला कायद्यात व्याख्याच नाही. त्यामुळं लेबलवर किंवा कंपनीच्या वेबसाइटवर धान्याचं प्रमाण दिलंय का हे बघायचं. उदाहरणार्थ, बुलेट बर्बनमध्ये राय २८ टक्के असते.

‘ब्लेंड’ शब्द एक, भानगडी तीन

खरी मेख इथं आहे. अमेरिकेच्या नियमात ‘ब्लेंड’ शब्द असलेल्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिली, ‘ब्लेंडेड व्हिस्की’. यात खरी स्ट्रेट व्हिस्की फक्त २० टक्के असली तरी चालतं. उरलेलं न्यूट्रल स्पिरिट, म्हणजे जवळपास बिनवासाचं, बिनचवीचं अल्कोहोल असू शकतं.

दुसरी, ‘ब्लेंडेड बर्बन’. यात किमान ५१ टक्के स्ट्रेट बर्बन लागते. बाकी न्यूट्रल स्पिरिट चालतं.

तिसरी, ‘ब्लेंड ऑफ स्ट्रेट बर्बन्स’. यात न्यूट्रल स्पिरिटचा थेंबही नसतो. सगळ्या स्ट्रेट बर्बनच, फक्त एकमेकींत मिसळलेल्या. अनेकदा त्या वेगवेगळ्या राज्यांतल्या असतात, म्हणून ‘ब्लेंड’ लिहावं लागतं.

काकांचा राग पहिल्या प्रकारावर असतो आणि त्यालाही कारण आहे. भारतातल्या स्वस्त व्हिस्कीत बराचसा भाग न्यूट्रल स्पिरिटचाच असतो आणि ते बऱ्याचदा साखर कारखान्यातल्या मळीपासून बनतं. त्यामुळं आपल्याकडं ‘ब्लेंडेड’ म्हणजे पातळ केलेला माल हे समीकरण डोक्यात बसलंय. फक्त ते समीकरण तिसऱ्या प्रकाराला लागू होत नाही.

या एका शब्दानं ब्रँड बुडाला होता

फोर रोझेस हे केंटकीचं जुनं नाव, १८८८ पासूनचा ट्रेडमार्क. १९४३ मध्ये सीग्रॅम कंपनीने हा ब्रँड घेतला. पन्नासच्या दशकाच्या शेवटी कंपनीने याची चांगली स्ट्रेट बर्बन युरोप आणि जपानला पाठवायला सुरुवात केली आणि खुद्द अमेरिकेत त्याच नावाने स्वस्त ब्लेंडेड व्हिस्की विकली. घरच्या बाजारात नाव इतकं खराब झालं की फोर रोझेस म्हणजे खालच्या फळीवरची बाटली अशी ओळख बनली.

२००२ मध्ये जपानच्या किरिन कंपनीने ब्रँड विकत घेतला, ती ब्लेंडेड व्हिस्की बंद केली आणि बर्बन परत अमेरिकेत आणली.

आता ही बर्बन बनते कशी? कंपनीकडं धान्याची दोन मिश्रणं आहेत. एकात २० टक्के राय, दुसऱ्यात ३५ टक्के. आंबवायला पाच प्रकारचं यीस्ट वापरतात. कुठल्यातून फळांचा वास येतो, कुठल्यातून फुलांचा, कुठल्यातून मसाल्याचा. दोन गुणिले पाच, म्हणजे दहा वेगवेगळ्या बर्बन. त्यांची ‘स्मॉल बॅच’ ही बाटली यातल्या चार बर्बन मिसळून बनते. म्हणजे ज्या मिसळण्यावर काका नाक मुरडतात, तेच इथलं मुख्य कसब आहे. घरच्या गोडा मसाल्यासारखंच. जिन्नस सगळ्यांकडं तेच, हात वेगळा.

चव घ्यायची कशी?

सोडा, कोला आणि बर्फ बाजूला ठेवायचा. थंडपणामुळं वास दबतो आणि व्हिस्कीची निम्मी चव वासातच असते. चकणाही नंतर. तिखट शेव खाऊन रायचा मसाला शोधायला गेलं तर शेवच सापडणार.

तोंडाशी निमुळता असलेला ग्लास घ्यायचा आणि त्यात ३० मिली किंवा त्याहून कमी ओतायची. ग्लासात नाक खुपसायचं नाही. थोडं लांब धरून, तोंड किंचित उघडं ठेवून वास घ्यायचा. नाहीतर अल्कोहोलचा भपकारा बसतो आणि पुढचं काही कळत नाही.

पहिला घोट फक्त जिभेला सवय व्हावी म्हणून. मत बनवायचं ते दुसऱ्या घोटावर. हा घोट तोंडात घोळवायचा, चावल्यासारखा. जिम बीमचे बुकर नो हे असं करायचे, त्यालाच पुढं ‘केंटकी च्यू’ म्हणायला लागले.

आणि पारखायचं काय?

मसाला की नुसती जळजळ? हाय-राय बर्बनमध्ये सगळ्यात जास्त फसगत इथं होते. घसा भाजला की लोक म्हणतात, ‘काय राय आहे!’ पण तो अल्कोहोलचा चटका असू शकतो. यावर उपाय म्हणजे अर्धा चमचा पाणी घालायचं. जळजळ कमी झाली आणि मिरी-दालचिनी तशीच राहिली, तर ती राय. दोन्ही गायब झालं, तर होतं ते फक्त अल्कोहोल.

सांधा दिसतो का? चांगल्या ब्लेंडमध्ये सुरुवातीला मक्याचा गोडवा, म्हणजे कॅरामेल, व्हॅनिला, काकवीसारखं काहीतरी लागतं आणि त्यातूनच मसाला वर येतो. फसलेल्या ब्लेंडमध्ये आधी गोड, मग मध्ये काहीच नाही, मग एकदम तिखट, असे तुकडे पडतात.

शेवट कसा होतो? गिळल्यानंतर चव किती वेळ राहते आणि कशी राहते ते बघायचं. जास्त उकळलेल्या चहासारखा कडू-तुरटपणा राहिला तर लाकडाचा अंश जास्त झालाय. कच्च्या धान्यासारखा वास आला तर व्हिस्की अजून कोवळी आहे.

लेबल झाकलं तर? ही सगळ्यात प्रामाणिक परीक्षा. २००८ मध्ये कॅलटेक आणि स्टॅनफर्डच्या संशोधकांनी लोकांना एकच वाइन वेगवेगळी किंमत सांगून पाजली. महाग सांगितलेली वाइन लोकांना जास्त आवडली. व्हिस्कीतही हीच गडबड होऊ शकते. म्हणून दुसऱ्या कुणालातरी तीन ग्लास भरायला सांगायचे, खाली चिठ्ठी चिकटवायची आणि मत लिहून झाल्यावरच चिठ्ठी उघडायची.

यासाठी पिऊन टाकायची गरज नसते. व्यावसायिक परीक्षक घोट घेतात आणि थुंकतात. चौथ्या-पाचव्या पेगला सगळ्याच व्हिस्की चांगल्या लागतात, त्याला पारख म्हणत नाहीत. आणि महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी कायद्याने वय २५ पूर्ण लागतं, हेही लक्षात असलेलं बरं.

तर पुढच्या वेळी काका ‘मिक्स माल’ म्हणाले की वाद घालत बसायचं नाही. लेबलवर ‘ब्लेंड’च्या पुढं काय लिहिलंय तेवढं वाचून दाखवायचं आणि त्यांच्यासमोर तीन झाकलेले ग्लास ठेवायचे. निकाल त्यांनाच लावू द्यायचा.