गिटारवरील हार्मोनिक स्वर

गिटारवरील हार्मोनिक स्वर : गिटारची तार पडद्यावर न दाबता तिच्या ठराविक बिंदूला बोटाचा केवळ स्पर्श करून व त्याच क्षणी ती छेडून काढलेले, लहान घंटेच्या नादासारखे स्वच्छ व उंच स्वर. तंबोऱ्याच्या तारेतून आपोआप उमटणाऱ्या अशा स्वरांना भारतीय संगीतात ‘स्वयंभू स्वर’ म्हणतात. तंबोऱ्यात हे स्वर मूळ नादात मिसळलेले असतात. गिटारवर वादक ते हेतुपुरस्सर वेगळे काढतो. नखीऐवजी उजव्या हाताच्या बोटांनी तारा छेडण्याच्या पद्धतीत (फिंगरस्टाइल) एकाच वादकाला खर्जाची साथ, कॉर्ड व सुरावट ही तिन्ही अंगे सांभाळावी लागतात. अशा एकल वादनात हार्मोनिक स्वरांमुळे जणू दुसऱ्याच वाद्याचा नाद उपलब्ध होतो, म्हणून या पद्धतीत त्यांना विशेष महत्त्व आहे. हे स्वर जोर लावून मिळत नाहीत. स्पर्शाची अचूक जागा व बोट उचलण्याची अचूक वेळ या दोहोंवर ते अवलंबून असतात.

तत्त्व : ताणलेली तार छेडली असता ती एकाच वेळी अनेक प्रकारे कंप पावते. संपूर्ण लांबीच्या कंपनातून मूलस्वर मिळतो. त्याच वेळी ती दोन, तीन, चार, पाच असे समान भाग पाडूनही कंप पावत असते व त्यांतून मूलस्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंप्रतेचे (दर सेकंदास होणाऱ्या कंपनसंख्येचे) अधिस्वर निर्माण होतात. लगतच्या दोन भागांमधील जो बिंदू जवळजवळ स्थिर राहतो, त्यास निस्पंद म्हणतात. निस्पंदावर बोट टेकले की, त्या ठिकाणी हालचाल असणारी सर्व कंपने थोपविली जातात आणि ज्यांचा तेथे निस्पंद आहे तीच टिकतात. तारेच्या मध्यावर स्पर्श केल्यास मूलस्वर नाहीसा होऊन त्याच्या वरच्या सप्तकातील स्वर ऐकू येतो, तो यामुळेच.

नेहमीच्या मेळणीत गिटारच्या सर्वांत जाड, म्हणजे सहाव्या तारेची (ई) कंप्रता सु. ८२·४१ असते. तिच्या मध्यावर, बाराव्या पडद्यावर, स्पर्श केल्यास १६४·८ कंप्रतेचा तार षड्ज मिळतो (मोकळ्या तारेचा स्वर षड्ज मानल्यास). एकतृतीयांश लांबीवर, सातव्या पडद्यावर, २४७·२ कंप्रतेचा पंचम; एकचतुर्थांशावर, पाचव्या पडद्यावर, ३२९·६ कंप्रतेचा अतितार षड्ज; आणि एकपंचमांशावर, चौथ्या पडद्याजवळ, ४१२ कंप्रतेचा शुद्ध गंधार मिळतो. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून ऐकू येणारा स्वयंभू गंधार तो हाच. एका अधिस्वराचे अनेक निस्पंद असल्याने तोच स्वर इतरत्रही सापडतो. सातव्या पडद्यावरील पंचम एकोणिसाव्या पडद्यावर मिळतो, तर गंधार नवव्या व सोळाव्या पडद्यांजवळ मिळतो.

स्पर्शाच्या जागा : गिटारचे पडदे सप्तकाचे बारा सारखे भाग पाडणाऱ्या समविभागी पद्धतीने बसविलेले असतात, निस्पंद मात्र तारेच्या सरळ अपूर्णांकांवर असतात. या दोहोंची जागा सर्वत्र जुळत नाही आणि नवशिक्याच्या अपयशाचे हे एक प्रमुख कारण होय. मानेच्या टोकाची खाचांची पट्टी (नट) व घोडी यांमधील तारेची लांबी ६५० मिमी. मानल्यास बारावा पडदा बरोबर ३२५ मिमी. वर, म्हणजे निस्पंदावरच येतो. सातव्या व पाचव्या पडद्यांच्या बाबतीत तफावत केवळ अर्ध्या मिमी.ची असते. परंतु एकपंचमांशाचा निस्पंद १३० मिमी. वर आणि चौथा पडदा सु. १३४ मिमी. वर असतो, म्हणून बोट पडद्याच्या सु. ४ मिमी. अलीकडे, नटच्या बाजूस, ठेवावे लागते. नवव्या पडद्याजवळही बोट सु. साडेतीन मिमी. अलीकडे हवे. याउलट एकषष्ठांशाचा निस्पंद तिसऱ्या पडद्याच्या सु. ५ मिमी. पलीकडे असतो. तारेचे जितके अधिक भाग, तितके बोटाचे टेकणे अधिक नेमके असावे लागते व नाद अधिक क्षीण होतो.

छेडण्याची जागा : ज्या बिंदूवर तार छेडली जाते तेथे ज्या अधिस्वराचा निस्पंद असेल तो अधिस्वर उत्पन्न होत नाही, हा नियम इंग्रज शास्त्रज्ञ टॉमस यंग (१७७३–१८२९) यांच्या नावाने ओळखला जातो. (तंबोऱ्याच्या रुंद व वक्र घोडीमुळे त्याच्या बाबतीत हा नियम लागू पडत नाही, असे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये दाखविले.) गिटारवर या नियमाचा प्रत्यय सहज येतो. ६५० मिमी. लांबीच्या तारेवर घोडीपासून १३० मिमी. वर, म्हणजे सर्वसाधारणपणे नादरंध्राच्या घोडीकडील कडेच्या आसपास, तार छेडल्यास चौथ्या पडद्याजवळचा गंधार जवळजवळ ऐकूच येत नाही. डाव्या हाताची जागा अचूक असूनही स्वर का उमटत नाही, हे विद्यार्थ्यास अशा वेळी उमगत नाही. उजवा हात घोडीकडे सरकवून सु. ६५ मिमी. वर छेडल्यास तोच स्वर ठळक होतो. उंच हार्मोनिकांसाठी घोडीजवळ छेडावे, या प्रचलित सूचनेमागील कारण हेच.

अभ्यासक्रम : आरंभ चौथ्या किंवा पाचव्या तारेवर बाराव्या पडद्यापासून करणे सोयीचे असते, कारण जाड तारेची कंपने मोठी असून तेथील निस्पंद सापडण्यास सोपा असतो. डाव्या हाताच्या अनामिकेचे किंवा करंगळीचे मांसल पेर पडद्याच्या धातूच्या पट्टीच्या बरोबर वर, तार खाली न दबेल अशा बेताने टेकवावे. दोन पडद्यांमधील जागी बोट ठेवण्याची दाबलेल्या स्वरांची सवय येथे सोडावी लागते. उजव्या हाताने तार छेडताच डावे बोट उचलावे. ते छेडण्याआधीच उचलले गेल्यास मोकळ्या तारेचा मूलस्वर येतो. उशिरा उचलल्यास स्वर उमटून लगेच विझतो. आणि जागा चुकल्यास केवळ बोथट ठोका ऐकू येतो. ही तीन लक्षणे ओळखता आली की, विद्यार्थ्यास स्वतःचा दोष कानाने शोधता येतो. अधिक जोराने छेडून यांपैकी कोणताही दोष दूर होत नाही.

एक तार साधल्यावर सर्व तारांवर एकच बोट आडवे टेकवून बाराव्या, सातव्या व पाचव्या पडद्यांवरील स्वर एकामागून एक काढण्याचा सराव करतात. बाराव्या पडद्यावर मोकळ्या तारांचेच ई, ए, डी, जी, बी, ई हे स्वर एक सप्तक वर मिळतात, तर सातव्यावर बी, ई, ए, डी, तीव्र एफ, बी असे मिळतात. त्यानंतर चौथ्या, नवव्या व तिसऱ्या पडद्यांजवळील जागा कानाच्या साहाय्याने शोधाव्यात. धातूच्या नव्या तारांवर हे स्वर अधिक उजळ व दीर्घ असतात. नायलॉनच्या तारांत उंच अधिस्वर लवकर शमतात. तसेच जुन्या, झिजलेल्या तारांचे वजन सर्वत्र सारखे न राहिल्याने त्यांवर उंच स्वर बेसूर किंवा अस्पष्ट येतात.

कृत्रिम हार्मोनिक : मोकळ्या तारेवरील स्वर मोजकेच असल्याने त्यांवरून सर्व सुरावटी वाजविता येत नाहीत. यासाठी डाव्या हाताने तार नेहमीप्रमाणे दाबून, त्या जागेपासून बारा पडदे पुढे उजव्या हाताच्या तर्जनीने स्पर्श करतात व अंगठ्याने किंवा अनामिकेने तार छेडतात. पहिला पडदा दाबल्यास स्पर्श तेराव्यावर, तिसरा दाबल्यास पंधराव्यावर, असा हा मेळ असतो. डाव्या हाताने कॉर्ड धरली असता तिची आकृती उजव्या हाताला बारा पडदे पुढे जशीच्या तशी गिरवावी लागते. तर्जनी व छेडणारे बोट यांमध्ये शक्य तितके अंतर ठेवल्यास नाद खुलतो. डावा हात वर सरकला की निस्पंद नादरंध्रावर येतो. तेथे पडद्यांची खूण नसल्याने केवळ कानावर विसंबावे लागते.

हार्मोनिक व साधे स्वर आलटून पालटून वाजविल्यास वीणेसारख्या पाश्चात्त्य ‘हार्प’ या वाद्याचा आभास निर्माण होतो. पाचव्या पडद्यावर सर्व तारा एका बोटाने आडव्या दाबून सहाव्या तारेवर हार्मोनिक, तिसऱ्या तारेवर साधा स्वर, पाचवीवर हार्मोनिक, दुसरीवर साधा, चौथीवर हार्मोनिक व पहिलीवर साधा, या क्रमाने वाजविल्यास ए, सी, डी, ई, जी, ए अशी चढती सुरावट मिळते. सी हा षड्ज मानल्यास हे भूप रागाचेच स्वर होत. दूरच्या तारांवरील स्वर हार्मोनिकांमुळे एका सप्तकात शेजारी येतात व तिन्ही जोड्यांत ते एकमेकांत मिसळून वाजत राहतात, हे या योजनेचे मर्म होय.

मेळणीतील उपयोग व मर्यादा : सहाव्या तारेचा पाचव्या पडद्यावरील व पाचव्या तारेचा सातव्या पडद्यावरील हार्मोनिक स्वर एकमेकांशी जुळवून तारा मेळविण्याची प्रथा आहे. हात मोकळा राहून स्वर टिकत असल्याने ती सोयीची आहे. तथापि ती संपूर्णतः निर्दोष नाही. योग्य मेळणीत हे दोन स्वर अनुक्रमे ३२९·६३ व ३३० कंप्रतेचे, म्हणजे किंचित भिन्न असतात. त्यांतील हेलकावा पूर्णपणे नाहीसा केल्यास पाचवी तार अर्धस्वराच्या सु. दोन शतांशांनी उतरते व तीच रीत पुढे चालविल्यास तिसऱ्या तारेपर्यंत ही चूक सु. सहा शतांशांवर जाते. गंधाराच्या हार्मोनिकाने मेळविणे तर सर्वथा टाळावे, कारण तो पडद्यावरील गंधारापेक्षा सु. चौदा शतांशांनी उतरलेला असतो. हा हार्मोनिकाचा दोष नव्हे. स्वयंभू गंधार निसर्गसिद्ध प्रमाणातील असून पडदा हीच तडजोड असते. तारा मेळविण्यापेक्षा वाद्याची परीक्षा करण्यास हार्मोनिक अधिक भरवशाचे आहेत. बाराव्या पडद्यावरील हार्मोनिक व तेथेच दाबून काढलेला स्वर जुळत नसल्यास घोडीची जागा चुकलेली आहे किंवा तार बदलावयास झाली आहे, असे समजावे.

इतिहास व लेखन : तारेला केवळ स्पर्श करून स्वर काढण्याची कला गिटारपेक्षा पुष्कळच जुनी आहे. चीनमधील गूचिन या प्राचीन तंतुवाद्यावर अशा निस्पंदांच्या तेरा खुणा असतात. यूरोपात जोझेफ सोव्हर (१६५३–१७१६) या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७०१ मध्ये या स्वरांचे शास्त्रीय विवेचन केले. स्पॅनिश गिटारवादक फेर्नांदो सोर (१७७८–१८३९) यांनी १८३० मध्ये पॅरिस येथे प्रसिद्ध केलेल्या आपल्या गिटारशिक्षणाच्या ग्रंथात त्यांची चर्चा केली. मिगेल ल्योबेत (१८७८–१९३८) यांनी एल तेस्तामेंत दामेलिया या कॅटालन लोकगीताच्या रचनेत कृत्रिम हार्मोनिकांचा भावपूर्ण उपयोग केला. अमेरिकेतील चेट ॲट्किन्स (१९२४–२००१) व लेनी ब्रो (१९४१–८४) यांनी हार्पसदृश वादनाचे तंत्र विकसित केले, तर मायकेल हेजेस (१९५३–९७) यांनी धातूच्या तारांच्या गिटारवर पडद्यावर बोट आपटून काढलेल्या हार्मोनिकांना रचनेत महत्त्वाचे स्थान दिले. स्वरलेखनात हे स्वर चौकटच्या आकाराच्या चिन्हांनी, तर तारा व पडदे दर्शविणाऱ्या लेखनपद्धतीत पडद्याचा आकडा कोनाकृती कंसात घालून दाखवितात. चिन्हाने स्थूल जागा कळते. नेमकी जागा त्या त्या वाद्यावर कानानेच निश्चित करावी लागते.