भेग बुजवायचं औषध भेगेतच

जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर कुडाच्या भिंती अजून पाहायला मिळतात. कारवीच्या काठ्या ओळीनं बांधून उभ्या करायच्या आणि दोन्ही अंगांनी शेणमाती लिंपायची. मातीला ताण सोसवत नाही, तो कारवी सोसते. कारवीला ऊन-पाऊस झोंबू नये, हे माती पाहते. तंतू आणि त्याला धरून ठेवणारा भराव, ही जोडी म्हणजे संमिश्र पदार्थ. पवनचक्कीची पातीही अशीच घडतात. तिथे काचेचे किंवा कार्बनचे धागे असतात आणि भराव इपॉक्सीचा.

कुडाला तडा गेला तर तो दिसतो. पात्याच्या पोटातली सूक्ष्म भेग कुणाला दिसत नाही, आणि कळली तरी हात तिथवर पोचत नाही. म्हणून औषध आधीच आत साठवून ठेवायचं. उंबर हेच करतो. सालीवर कोयता लागला की पांढरा चीक पाझरतो आणि घावातच थिजतो. जर्मनीत फ्रायबुर्ग विद्यापीठात उंबराच्याच गोतातल्या फायकस बेंजामिनावर याचं मोजमाप झालं. चिरलेल्या सालीची ताण सोसण्याची ताकद अर्ध्या तासात मूळच्या ५५ टक्क्यांपर्यंत परत आली होती.

इलिनॉय विद्यापीठात स्कॉट व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इपॉक्सीत द्रवानं भरलेल्या सूक्ष्म कुप्या पेरल्या. भेग पुढे सरकली की कुपी फुटते, द्रव भेगेत ओढला जातो आणि इपॉक्सीत विखुरलेल्या उत्प्रेरकाशी गाठ पडताच घट्ट होतो. त्यांचा निबंध २००१ मध्ये ‘नेचर’मध्ये आला; भेगेला दाद न देण्याचा गुण ७५ टक्के परतला होता. पण फुटलेली कुपी पुन्हा भरत नाही. २००७ मध्ये याच गटानं शिरांसारख्या नलिकांचं जाळं वापरलं, तेव्हा एकच जागा सात वेळा सांधता आली.

मला मात्र कुडाच्या मातीचा मार्ग जास्त मोलाचा वाटतो. तिथे साठा लागतच नाही. तडकलेल्या जागेवर पाण्याचा हात फिरवला की जुनी माती सैल होते, नव्या मातीला धरते, आणि हे कितीही वेळा करता येतं. रसायनातही असे सुटून पुन्हा जुळणारे बंध आहेत. पॅरिसमध्ये लुडविक लायब्लर यांच्या गटानं २००८ मध्ये असं रबर दाखवलं, ज्याचे ताजे कापलेले तुकडे नुसते एकमेकांना टेकवले तरी सांधतात. अडचण ताठपणाची आहे. सांधायचं तर रेणूंना हलायला मोकळीक हवी, आणि पातं ताठ राहायचं तर त्यांनी हलता कामा नये. २०११ मध्ये त्याच गटानं यावर तोड काढली: एरवी कडक राहणारं आणि तापवलं की बंधांची अदलाबदल करणारं इपॉक्सी. आता ती उष्णता उंच मनोऱ्यावरच्या पात्यात, नेमक्या भेगेपाशी कशी पोचवायची, यावर डोकं लढवायचं आहे.