चौकटीत मगर, मागे मोटार

मगरीचं शास्त्रीय नाव क्रोकोडायलस पॅलुस्ट्रिस. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लेसन यांनी ते १८३१ मध्ये दिलं. त्यातल्या दुसऱ्या शब्दाचं मूळ लॅटिन ‘पालुस’, म्हणजे दलदल. आपल्या पलूसशी त्याचा काडीचाही संबंध नाही. पण भिलवडी, औदुंबर, आमणापूर, ब्रह्मनाळ हा सगळा कृष्णाकाठ पलूस तालुक्यातलाच, आणि मगरी ऊन खायला इथल्याच मळीवर येतात. त्यामुळे हा योगायोग आठवला की मला उगाचच बरं वाटतं.

डिसेंबर-जानेवारीत सकाळचं धुकं विरलं की मगर बाहेर येते. तिचं रक्त थंड. अंगात ऊब भरायची तर उन्हाशिवाय इलाज नाही. तास-दोन तास ती गाळाच्या उतारावर हलत नाही. मध्येच जबडा उघडून तसाच ठेवते. फोटोत हे भयंकर दिसतं, आता झडप घालणार असं वाटतं. खरं तर तापलेलं डोकं तोंडावाटे निववण्याचा तो प्रकार असतो. वर्तमानपत्रात मात्र नेमका तोच फोटो छापून येतो.

हरणाचा फोटो आवडायला फार कारण लागत नाही. कोनराड लोरेन्झ या प्राणिवर्तन-शास्त्रज्ञाने १९४३ मध्ये मांडलं होतं की मोठं कपाळ, मोठे डोळे आणि गोबरे गाल दिसले की माणसाच्या मनात बाळाविषयीची माया जागी होते, मग समोर पाडस असो की पिल्लू. मगरीपाशी यातलं काहीच नाही. तरी तिच्या फोटोवरून नजर हटत नाही. मला वाटतं, तिच्या त्या निश्चलपणामुळे. कॅमेरा जगाला क्षणभर थांबवतो. ही आधीच थांबलेली असते.

आता थोडं भिंगाविषयी. मगरीजवळ जाता येत नाही आणि जाऊही नये; या पट्ट्यात माणसांचे जीव गेले आहेत. म्हणून फोटो काढणारे पैलतीरावरून चारशे-सहाशे मिलिमीटरचं लांबलचक भिंग लावतात. समजा, मगर शंभर मीटरवर आहे आणि तिच्या मागे पन्नास मीटरवर पाणी उपसणारी मोटार. मोटार मगरीच्या दीडपट अंतरावर, म्हणून मगरीच्या तुलनेत ती दोन-तृतीयांश आकाराची दिसेल. तोच फोटो दहा मीटरवरून काढला तर मोटार सहापट लांब पडेल आणि एक-षष्ठांशावर येईल. म्हणजे लांबून पाहिलं की मागचं सगळं पुढच्याला येऊन चिकटतं. भिंग फक्त ते मोठं करून दाखवतं.

मग मोटार खुपायला लागते. पाइप, वायर, स्टार्टरची पेटी, मागचा ऊस, हे सगळं ‘जंगली’ चित्राला शोभत नाही. उपाय सोपा: भिंगाचं छिद्र पूर्ण उघडायचं. मागचं सगळं हिरव्या-पिवळ्या धुरात विरघळतं आणि कृष्णाकाठची मगर आफ्रिकेतल्या कुठल्याही नदीवर खपून जाते. स्पर्धांत बहुधा असेच फोटो जातात. माझी तक्रार नेमकी इथेच आहे. धुरात विरघळवलेली ती मोटार हीच खरी बातमी होती.

याच भिंगाचा उलटा परिणामही होतो. घाटावर धुणं धुणारी बाई आणि तिच्यापासून बरीच लांब पडलेली मगर एका रेषेत आली की फोटोत दोघींत वावभर अंतर दिसतं. असा फोटो व्हॉट्सॲपवर पडला की संध्याकाळपर्यंत चार गावं घाट सोडतात. सावध राहणं योग्यच. पण फोटोतलं अंतर हे टेपने मोजलेलं अंतर नव्हे.

मुळात प्राण्यांचे फोटो काढण्याच्या या छंदाचा जन्मच शिकारीतून झाला. अमेरिकेत जॉर्ज शिरास रात्री होडीतून हरणं मारायचे. पाण्याकाठी दिवा धरला की डोळे चमकतात, तिथे गोळी. पुढे त्यांनी बंदुकीच्या जागी कॅमेरा आणि झगझगीत उजेड पाडणारी पूड आणली. जुलै १९०६ मध्ये ‘नॅशनल जिओग्राफिक’ने त्यांची ७४ छायाचित्रं छापली. आपल्याकडे वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी वाघाच्या वाटेवर तार बांधली. वाघाचा पाय अडकला की फोटो निघायचा. त्यांचं वाघांच्या छायाचित्रांचं पुस्तक १९२७ मध्ये आलं. आजचे कॅमेरा ट्रॅप म्हणजे त्या तारेचीच नातवंडं.

पलूसहून सागरेश्वरला गेलं की जंगल म्हणजे काय, याचा आणखी एक घोळ होतो. कडेगाव, वाळवा आणि पलूस तालुक्यांच्या सीमेवरचं हे अभयारण्य १९८५ मध्ये जाहीर झालं. क्षेत्र साडेदहा-अकरा चौरस किलोमीटर. ते माणसांनी उभं केलेलं आहे. उघड्याबोडक्या डोंगरावर झाडं लावायला माणसं राबली, आणि त्यांत वृक्षमित्र धों. म. मोहिते यांचं नाव पहिलं येतं. आज तिथे सांबर, चितळ, काळवीट दिसतात. काळवीट कड्यावर उभा राहिला की त्याच्या शिंगांमागे कृष्णेचं खोरं, ऊस आणि द्राक्षबागा पसरलेल्या. कुंपणाबाहेर येऊन हरणं पिकात शिरतात, हे आसपासच्या शेतकऱ्यांचं जुनं गाऱ्हाणं. काळविटाच्या फोटोतून द्राक्षबाग कापून टाकायची म्हणजे भांडणातला एक पक्षच चौकटीबाहेर काढायचा.

कृष्णेच्या मगरीचं सगळ्यांत गाजलेलं चित्र कुठल्याही सराईत छायाचित्रकाराचं नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात खाली बेळगाव जिल्ह्यातल्या रायबाग तालुक्यात एक मगर बुडालेल्या घराच्या छपरावर जाऊन बसली होती. ना सोनेरी प्रकाश, ना धूसर पार्श्वभूमी. छप्पर, मगर आणि चहूकडे गढूळ पाणी. देशभर ते फिरलं. त्या चौकटीतून छप्पर काढून टाका, मग फिरवायला काय उरतं?

गेल्या हिवाळ्यात मी मुद्दाम छिद्र बारीक ठेवून एक फोटो काढला: गाळावर मगर, वर काळा पाइप, त्यावर बगळा, मागे ऊस. बांधावर एक शेतकरी मामा उभे होते. कॅमेऱ्याच्या पडद्यावर त्यांना तो दाखवला. त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, “जरा मोठं करा की पाव्हणं.” मी मगर मोठी केली.

“ती न्हवं, ती रोजचीच हाय,” मामा म्हणाले. “त्यो पाइप दावा. जोडावर गळतंय का बघू द्या.”

गळत होतं.