निळा रंग आला नाही तर?

लिटमसचा निळा कागद आम्लात बुडवला की लाल होतो, हे तुम्हाला पाठच असेल. पण पाण्यातलं कीटकनाशक ओळखणारा कागद पाहिलाय? त्याची तऱ्हा उलटी आहे. पाणी ठीक असलं तर तो निळा होतो आणि कीटकनाशक असलं तर पांढराच राहतो!

असं का होतं, ते कळायला किड्याच्या शरीरात डोकवायला हवं. एका चेतापेशीचा निरोप पुढच्या पेशीला पोचवायचं काम ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन करतं. निरोप पोचला की फळा लगेच पुसायला हवा, नाहीतर पुढचा निरोप लिहिणार कुठे? पुसायचं काम एका विकराचं. त्याचं नाव ॲसिटिलकोलिनएस्टरेज. नाव लांबलचक, पण कामाचा झपाटा केवढा! त्याचा एकच रेणू सेकंदाला ॲसिटिलकोलीनचे हजारो रेणू फोडतो. मोनोक्रोटोफॉससारखी कीटकनाशकं नेमकी या विकरालाच जखडून टाकतात. मग निरोप साचत जातात, किडा थरथरतो आणि मरतो. हेच विकर आपल्या अंगातही आहे, म्हणून तर फवारणी करणाऱ्यांना विषबाधा होते. शेतातून वाहत आलेलं पाणी विहिरीत उतरत असेल, तर ते तपासायलाच हवं.

शास्त्रज्ञांनी युक्ती अशी केली, की हेच विकर कागदाच्या तुकड्यावर बसवलं. त्यावर पाण्याचे थेंब टाकायचे आणि दहाएक मिनिटं थांबायचं. मग इंडॉक्सिल ॲसिटेट लावलेला दुसरा तुकडा त्यावर दाबून दोन्ही तुकडे बोटांच्या चिमटीत धरायचे, कारण विकराला ऊब आवडते. विकर शाबूत असेल तर ते इंडॉक्सिल ॲसिटेट फोडतं, त्यातून सुटलेल्या इंडॉक्सिलचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होतो आणि तयार होते चक्क नीळ! जीन्स जिने रंगवतात, तीच. विकर आधीच जखडलं गेलं असेल, तर नीळ येणार कुठून?

आणखी गंमत म्हणजे यातला बहुतेक माल निसर्गातलाच. कागद म्हणजे झाडाचं सेल्युलोज. विकर प्रथिनाचं. ते कागदावर धरून ठेवायला काही शास्त्रज्ञ कायटोसन वापरतात. ते मिळतं कोळंबीच्या आणि खेकड्याच्या कवचांपासून, म्हणजे कोळंबी सोलल्यावर आपण फेकतो ना, त्याच टरफलांपासून! हे तिन्ही पदार्थ मातीतले जीवाणू आणि बुरश्या खाऊन टाकतात. प्लॅस्टिकच्या पट्टीसारखा त्यांचा कचरा वर्षानुवर्षं पडून राहत नाही.

कागद फसतोही बरं का. जास्त उष्णतेने किंवा आम्लामुळेही विकर बिघडतं, मग कीटकनाशक नसलं तरी रंग येत नाही. म्हणून शेजारी शुद्ध पाण्याची पट्टी ठेवायचीच. शिवाय या विकराला न जखडणारी कीटकनाशकं कागदाला दिसतच नाहीत, आणि जी दिसतात त्यांतलं नेमकं कोणतं आणि किती, तेही तो सांगत नाही. त्यासाठी नमुना प्रयोगशाळेतच न्यावा लागतो. पण कोणत्या विहिरीचा नमुना आधी न्यायचा, हे मात्र हा कागद विहिरीच्या काठावरच सांगतो.