फिट, पण कोणत्या कामाला?

पुन्हा कामावर : लेखांक ९

आज ईएसआयच्या दीर्घ आजारातल्या लाभाबद्दल लिहायचं ठरलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो आहे, कारण सातपूरहून आलेलं एक पत्र बाजूला ठेवणं मला जमलं नाही.

पत्र लिहिणारे गृहस्थ पॉवर प्रेसवर काम करतात. हृदयविकाराचा झटका आला, अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट बसला. दीड महिन्यानं डॉक्टरांनी सर्टिफिकेट दिलं, ‘फिट फॉर लाइट ड्युटी’. ते घेऊन कारखान्यात गेले तर उत्तर मिळालं, आमच्याकडे लाइट ड्युटी नसते, पूर्ण फिट होऊन या. डॉक्टर म्हणतात, पूर्ण फिट मी आत्ता लिहून देणार नाही. दोघांच्या मध्ये हे घरी बसून आहेत. “साहेब, मी आता कुणाकडे जाऊ?” एवढंच त्यांनी विचारलं आहे.

डॉक्टर आपल्या जागी बरोबर आहेत. कारखानाही मुद्दाम छळतो आहे असं मला वाटत नाही. अडलंय ते त्या कागदावर. कामगार कल्याण अधिकारी म्हणून माझ्या टेबलावरून असे कागद वर्षानुवर्षं गेले आणि ‘लाइट ड्युटी’ हे दोन शब्द वाचून पुढे नेमकं काय करायचं, हे त्यांतल्या एकाही कागदावरून कळत नसे. लिहिणाऱ्या डॉक्टरांनी तो प्रेस पाहिलेला नसतो. वाचणाऱ्या सुपरवायझरला पेशंटच्या अंगात किती ताकद परत आली आहे ते ठाऊक नसतं. मग तो सगळ्यांत सोपं ते करतो, म्हणजे परत पाठवतो.

कधी एखादा भला सुपरवायझर ‘हलकं काम’ शोधून देतो आणि तिथे दुसरीच अडचण उभी राहते. पहिली सूचना ठरलेली असते, गेटवर बसवा. गेटवर बारा तासांची पाळी आणि आठवडाआड रात्रपाळी. फिट्सच्या रुग्णाला जागरण म्हणजे पुढच्या झटक्याला आमंत्रण. इन्सुलिन घेणाऱ्याचं जेवणाचं आणि सुईचं वेळापत्रक पाळी बदलली की कोलमडतं. दुसरी सूचना, स्टोअरमध्ये टाका. स्टोअरमध्ये शिडी असते आणि वरच्या रॅकवरून वीस-वीस किलोचे खोके उतरवायचे असतात. तिसरी, पॅकिंगला द्या. तिथे बसून काम असतं खरं, पण हात कन्व्हेयरच्या वेगानं चालवावे लागतात. याउलट छोट्या प्रेसवर, स्टुलावर बसून, दोन हातांची बटणं दाबत बारीक नग काढणारा कामगार अंगावर कितीतरी कमी ताण घेत असतो. कामाच्या नावावरून त्याचं वजन कळत नाही.

हृदयाच्या बाबतीत तर ते बऱ्यापैकी मोजता येतं. ट्रेडमिलची चाचणी पुष्कळांची झालेली असते. तिच्या रिपोर्टवर ‘मेट’ असा एक आकडा असतो. शांत बसलेल्या माणसाच्या शरीराला जेवढी ऊर्जा लागते ती एक मेट. समजा, चाचणीत तुम्ही सात मेटपर्यंत त्रास न होता पोचलात. डॉक्टरांचा सर्वसाधारण ठोकताळा असा, की आठ तासांच्या कामाची सरासरी तुमच्या कमाल क्षमतेच्या ४० टक्क्यांच्या आत असावी. सातचे ४० टक्के म्हणजे २.८. बसून गेज लावून नग तपासण्याचं काम दोनच्या आसपास असतं, शॉपमध्ये बेतानं चालणं तीनच्या आसपास. भरलेले क्रेट उचलणं पाचाच्या पुढे जातं. म्हणजे हा माणूस तपासणीला आजही बसू शकतो, अधूनमधून चालूही शकतो, पण दिवसभर क्रेट उचलू शकत नाही. यात उष्म्याचा भार वेगळा धरायचा, कारण एप्रिल-मेच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याच कामाला हृदय जास्त धडधडतं. आणि स्टेंटनंतर काही महिने, झटका आलेला असेल तर बहुधा वर्षभर, रक्त पातळ ठेवणारी दोन औषधं चालू असतात. प्रेस शॉपमध्ये पत्र्याच्या धारेनं बोट कापलं तर रक्त लवकर थांबत नाही. हातमोजे आणि जवळ प्रथमोपचार, एवढी साधी नोंद त्या सर्टिफिकेटवर हवी होती.

आता माझ्या आवडीच्या विषयाकडे येतो. हा प्रश्न आपल्या देशात एका खात्यानं फार पूर्वी सोडवलेला आहे. मनमाड, भुसावळ, दौंडच्या वाचकांनी ओळखलं असेल. रेल्वे.

रेल्वेत आधी कामाची वर्गवारी ठरलेली आहे. ए-१, ए-२, ए-३, बी-१, बी-२, सी-१, सी-२. इंजिन चालवणारे ए-१, स्टेशन मास्तर आणि पॉइंट्समन ए-२, आणि उतरत उतरत कार्यालयातले कारकून सी-२. प्रत्येक वर्गाला नजर किती हवी, शरीर कसं हवं, हे लिहिलेलं. लोको पायलटची नजर मधुमेहानं अधू झाली, तर रेल्वेचा डॉक्टर नुसतं ‘अनफिट’ लिहून थांबत नाही. ए-१ला अनफिट, पण अमुक वर्गाला फिट, असं लिहितो. कर्मचारी ‘मेडिकल डीकॅटेगराइज्ड’ होतो, समितीसमोर जातो आणि त्याला पर्यायी पद शोधलं जातं. ते मिळेपर्यंत त्याच्या वेतनश्रेणीत एक जादा पद तयार करून त्यावर त्याला दाखवतात. नोकरी तुटत नाही. रनिंग स्टाफच्या बाबतीत तर नवी वेतननिश्चिती करताना गेलेल्या मायलेज भत्त्यापोटी मूळ वेतनाच्या ३० टक्के धरतात.

माझ्या परिचयातले एक लोको पायलट असेच इंजिनावरून उतरले आणि क्रू लॉबीत गेले. कोणत्या गाडीवर कोणाला पाठवायचं, कोणाची विश्रांती पुरी झालेली नाही, कोणाला त्या मार्गाची सवय नाही, हे सांभाळायचं काम. घाटात गाडी उतरवलेला माणूस त्या खुर्चीवर बसला की रोस्टर किती शहाणपणानं लागतं, हे लॉबीतली माणसं आजही सांगतात. आजारी माणसाला ‘सामावून घेतलं’ असं आपण म्हणतो. तिथे रेल्वेनं आपलाच अनुभव वाचवला होता.

कायदाही सरकारी नोकरांपुरता याच बाजूनं उभा आहे. १९९५च्या अपंग व्यक्ती कायद्याचं कलम ४७ आणि आता २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २०(४) सांगतं, की नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर कामावरून काढायचं नाही, पद उतरवायचं नाही. दुसऱ्या पदावर त्याच वेतनश्रेणीत घ्यायचं आणि तसं पद नसेल तर जादा पदावर ठेवायचं. पाय गमावलेल्या कुणाल सिंग या जवानाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००३ साली हे निःसंदिग्धपणे सांगितलं. पण आमचे सातपूरचे गृहस्थ खासगी कारखान्यात आहेत, आणि २०१६च्या कायद्यातल्या २१ प्रकारांच्या यादीत पार्किन्सन, सिकलसेल, मल्टिपल स्क्लेरोसिस आहेत, हृदयविकार नाही. कलम २०(४) त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

तरीही ‘कोणत्या कामाला?’ हा प्रश्न खासगी कारखान्यालाही विचारता येतो, असं मला वाटतं. तो आपल्याच मुंबई उच्च न्यायालयानं १९९७ साली एका सार्वजनिक उपक्रमाला विचारला आहे. एका हंगामी कामगाराला एचआयव्ही आहे एवढ्यावरून काम नाकारलं गेलं. न्यायालयानं त्याचं नाव गुप्त ठेवायला परवानगी दिली, म्हणून तो खटला नुसत्या आद्याक्षरांनी ओळखला जातो. निकालाचा गाभा असा : माणूस ते काम करू शकतो का आणि त्याच्यापासून इतरांना धोका आहे का, हे न पाहता केवळ आजाराच्या नावावरून काम नाकारणं मनमानी आहे. प्रत्येक एचआर विभागात हा निकाल वाचला जायला हवा.

परदेशातलं थोडक्यात. ब्रिटननं एप्रिल २०१० मध्ये जुनी ‘सिक नोट’ बदलून ‘फिट नोट’ आणली. तिच्यावर टप्प्याटप्प्यानं परतणं, वेळ बदलणं, काम बदलणं, जागेत सुधारणा करणं अशा चार चौकटी आहेत. डॉक्टर मात्र बहुतेक वेळा ‘कामाला योग्य नाही’ हीच चौकट भरतात, कारण तिथल्याही डॉक्टरला पेशंटचं काम माहीत नसतं. नुसता फॉर्म बदलून भागत नाही.

जर्मनीची ‘हॅम्बुर्ग पद्धत’ मला जास्त पटते. डॉक्टर आठवड्यावार वेळापत्रक लिहून देतो. आधी रोज दोन-तीन तास, मग चार, मग सहा, असं काही आठवडे ते काही महिने. या काळात माणूस कागदोपत्री आजारीच असतो आणि त्याला पैसे आरोग्य विम्याकडून मिळतात. मालकावर अर्ध्या कामाच्या पूर्ण पगाराचा बोजा पडत नाही, म्हणून तो सहसा ‘नाही’ म्हणत नाही. आपल्याकडे ईएसआयचा आजारपणाचा लाभ, वेतनाच्या ७० टक्के, वर्षात ९१ दिवसांपर्यंत, हा कामावर न गेलेल्या दिवसाचाच असतो. दोन तास काम केलं की त्या दिवसाचा लाभ गेला. अर्धा दिवस ही गोष्टच त्या हिशेबात नाही. माझ्या मते आपल्या व्यवस्थेतला हा सर्वांत मोठा दोष आहे, आणि तो कायद्यात एका तरतुदीची भर घालून सुधारता येण्यासारखा आहे.

तोवर सातपूरच्या गृहस्थांनी असं करावं. एका कागदावर आपल्या पाळीत काय काय करता ते लिहून काढा : डाय बसवणं, पत्रा लावणं, बटण दाबणं, नग काढणं, क्रेट उचलणं, मोजणी. प्रत्येकापुढे वजन किलोत आणि वेळ मिनिटांत. पाळीची वेळ आणि शेडमधला उष्मा लिहा. हा कागद डॉक्टरांपुढे ठेवून सांगा, की ‘लाइट ड्युटी’ नको, यातलं कोणतं चालेल त्यापुढे खूण करा, रात्रपाळी कधीपर्यंत नको ते लिहा आणि पुन्हा तपासणीची तारीख घाला. तारीख फार महत्त्वाची. ‘सहा आठवडे क्रेट उचलणार नाही’ हे सुपरवायझरला जमवता येतं, एखादा हेल्पर जोडून देता येतो. ‘लाइट ड्युटी’ला अंत दिसत नाही, म्हणून तो घाबरतो.

ही लेखमाला वाचणारे डॉक्टर पुष्कळ आहेत, हे मला पत्रांवरून कळतं. त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. पुढच्या वेळी कामावर जाण्याचं सर्टिफिकेट लिहाल, तेव्हा पेशंटला आधी एवढं विचारा, की बाबा रे, तू दिवसभर नेमकं काय करतोस? आणि त्यानं सांगितलेलं त्या सर्टिफिकेटवर लिहा.